दोन शेळ्यांचं यंत्र

एसटीत चढल्यावर माणसं आधी जागा बघतात. आमचे रंगनाथआप्पा आधी ड्रायव्हर बघतात. पालीच्या थांब्यावर गाडी थांबली की ते गर्दीतून वाट काढत थेट ड्रायव्हरपाशी जातात, वाकून त्याच्या डोळ्यांत बघतात आणि अदबीनं विचारतात, “रातच्याला झोप झाली ना, साहेब?”

बहुतेक ड्रायव्हर हसतात. एकजण मात्र वैतागून म्हणाला, “न्हाई झाली. लेकराला ताप होता.” आप्पा तिथल्या तिथं खाली उतरले आणि दंडाला धरून मलाही उतरवलं. मला बीडला कचेरीत अकराच्या आत पोचायचं होतं. ती गाडी सुखरूप गेली, सुखरूप परत आली, आणि तोवर आम्ही दोघं लिंबाखाली उभे होतो. पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरची झोप झाली होती, पण तिचं चाक पंक्चर झालं. आप्पांच्या चेहऱ्यावर, खोटं का बोला, थोडं समाधान दिसलं.

मी पालीच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. माझं बिऱ्हाड अंबाजोगाईला आणि मी इथं आप्पांच्या अंगणातल्या एका खोलीत भाड्यानं राहतो. भाडं माफक आहे. बाकीची वसुली आप्पा काळजीतून करतात. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘समजा’पासून सुरू होतं आणि काहीतरी मोडण्यापाशी नाहीतर कुणीतरी दगावण्यापाशी संपतं. “समजा, सर, तुमी खुर्चीवर चढून पंखा पुसायलेत. आन समजा कुनी मागून हाक मारली.” एवढंच बोलून ते निघून जातात. त्यानंतर माझा पंखा वर्षभर पुसला गेला नाही.

एकदा त्यांनी मला विचारलं, “समजा शाळंत साप निघाला. वर्गाचं दार आत उघडतं का भाईर?” मी म्हणालो, ठाऊक नाही. “धा वर्सं शिकिवताय आन ठावं न्हाई?” दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. आत उघडतं. तेव्हापासून मी दाराला वीट लावून शिकवतो. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तेव्हा मी हवेचं सांगितलं.

गावात त्यांना मागून ‘समजाआप्पा’ म्हणतात. त्यांनाही ते माहीत आहे. शेरडं राखण्यात जन्म गेला, बारा शेरडं आहेत, आणि बाराच्या बारा संध्याकाळी गोठ्यात आली तरी आप्पा तेराव्यांदा मोजतात. पण ही सगळी किरकोळ काळजी झाली. त्यांची खरी, घाऊक काळजी अंगणाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात राहते. तिचं नाव किसनतात्या.

तात्या हे आप्पांचे धाकटे भाऊ. आप्पा पासष्टचे, तात्या त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. आप्पांनी शेरडं सांभाळली, तात्यांनी पाणी धरलं. बिंदुसरेच्या धरणात ते मासे धरतात. बायको वारली, लेक लग्न होऊन लांब गेली, त्यामुळे एकटेच असतात. अंगणाच्या मधोमध तुराट्यांचा कूड आहे, आणि त्या दोन भावांमध्ये नऊ वर्षं अबोला आहे.

अबोल्याचं कारण ट्रकच्या चाकातली ट्यूब. तेव्हा तात्यांकडे होडी नव्हती. ट्यूब फुगवून तिच्यावर फळी टाकायची, वर बसायचं आणि हातानं पाणी मारत जाळी टाकायला जायचं. इथले बरेच लोक तेच करतात. आप्पांच्या जिवाला ते सोसेना. समजा काटा लागला, समजा फळी सरकली. शेवटी एका दुपारी त्यांनी विळा घेतला आणि ट्यूब उभी फाडली. तात्या आले, त्यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. कुडाच्या तोंडाशी बांधलेल्या म्हशीकडे वळून म्हणाले, “मशे, ज्यानं हे केलं त्याला सांग, आजपून माझं त्याचं बोलनं बंद.” आणि घरात होतं नव्हतं ते घालून त्याच महिन्यात फायबरची लहान होडी आणली. होडी ट्यूबपेक्षा खूप लांब जाते. आप्पांनी विळ्यानं कमावलं ते हे.

ती म्हैस दोघांची आहे. वाटणीत तिचा निकाल लागेना, म्हणून ती मधे बांधली, सकाळचं दूध इकडे, संध्याकाळचं तिकडे. नऊ वर्षं घरातला सगळा निरोप तिच्यामार्फत जातो. “मशे, सांग, मोटार बंद करा म्हनावं.” “मशे, त्यांला म्हनावं, लाइट गेली तर मोटार आपोआप बंद हुती.” मी दोघांच्या मधे राहतो, पण मला कुणी निरोप्या केलं नाही. म्हशीवर त्यांचा जास्त भरवसा आहे. आप्पांच्या घरच्या काकू तेवढ्या दोघांशी बोलतात आणि तात्यांची भाकरी रोज कुडावरून पोचवतात.

गेल्या हिवाळ्यात मात्र प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. तात्यांना रक्तदाब निघाला होता, अधूनमधून चक्कर यायची. कार्तिकापासूनच धरणावर सकाळी असं धुकं धरतं की स्वतःचा हात दिसत नाही. अशा एका सकाळी तात्या होडीत असताना त्यांना चक्कर आली. ते तळाशी आडवे झाले आणि होडी आपली आपण वाहत पलीकडच्या बाभळींत जाऊन अडकली. इकडे परतायची वेळ टळून गेली. आप्पा स्टीलचं ताट आणि पळी घेऊन बांधावरून दोन तास पळत होते. ताट बडवत होते आणि तोंडातून शब्द नव्हता. लोक म्हणत होते, अहो, हाक मारा! आप्पा हाक मारू शकत नव्हते. बोलणं बंद होतं ना. मी त्यांच्या मागे पळत होतो आणि रागानं, भीतीनं मला रडू येत होतं. स्वतःचा भाऊ पाण्यात आहे आणि हा माणूस भांडणाचे नियम पाळतोय.

धुकं विरलं तेव्हा तात्या वल्हं मारत येताना दिसले. संध्याकाळी म्हशीला म्हणाले, “मशे, गावाला सांग, मी जित्ता हाय. आन ताट वाजवू नका. मासं भितेत.”

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. होडी बंद करा असंही सांगितलं, ते तात्यांनी ऐकलं नाही. आणि आप्पा रोज पहाटे बांधावरच्या एका दगडावर जाऊन बसू लागले. ताट नाही, हाक नाही. समोर पांढरं धुकं आणि त्यात कुठंतरी भाऊ. वल्ह्याचा आवाज यायचा, पण धुक्यात तो चहूकडून येतो आणि होड्याही चार-पाच असतात. होडी काठाला लागल्याचा खडखडाट झाला की आप्पा उठून आधी घरी यायचे. काकूंना म्हणायचे, “फिरायला गेलतो.”

अशात एके दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत ते फोन घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. फोनात कुणी परदेशी माणूस होडीत बसला होता आणि त्याच्यापुढे वीतभर पडदा होता. पडद्यावर एका बाजूला पाण्याखालचे मासे, दुसऱ्या बाजूला नकाशा, आणि नकाशावर एक ठिपका सरकत होता.

“सर, ह्यो ठिपका कशाचा?”

“ती त्याची होडी, आप्पा. उपग्रहावरून कळतं ते.”

“म्हंजी होडी कुठं हाय ते कळतं?”

“कळतं की.”

आप्पांनी फोन बंद केला आणि छातीशी धरला. “मग हेच घ्यायचं,” ते म्हणाले. “मासं घावायला बरं पडंल त्याला.”

आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. कुडापलीकडे मासा शिजला तर ते दोन दिवस तिकडे बघत नाहीत. त्यांना कुणाच्या मासे सापडण्याची किती फिकीर होती, ते मला कळत होतं. पण मी मान डोलावली.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातून गेले ते गेले. रोज शाळा सुटली की आम्ही माझ्या खोलीत बसून यंत्रं बघायचो. मी इंग्रजी वाचायचो, आप्पा ऐकायचे. किंमत ते शेरडांत धरायचे. नुसतेच मासे दाखवणारं, नकाशाचा ठिपका नसलेलं, एका शेळीत येत होतं. गळाबरोबर फेकायचा चेंडू आणि फोनवर चित्र, असलंही एक होतं. पण तात्यांचा फोन बटणांचा, तोही घरी खुंटीला असतो, म्हणून ते बाद झालं. मोठ्या पडद्याची यंत्रं सरळ म्हशीत जात होती. “पडदा चार बोटांचा बस का वितीचा?” “धुक्यात दिसंल का?” “समजा बॅटरी मधीच मेली?” “समजा खालचा सेन्सर गाळात रुतला?” एका स्वस्त यंत्राच्या माहितीपत्रातलं इंग्रजी असं होतं की लिहिणाऱ्याला मी पुन्हा सहावीत बसवला असता.

मात्र या माणसाला व्यवहार कळतो, हेही मला तेव्हाच कळलं. यंत्र तीनशे फूट खोल बघतं म्हणून महाग आहे असं मी वाचलं, तर म्हणाले, “आपलं धरनच तेवढं न्हाई. उरलेल्या खोलीचं पैसं कावून द्यायचं?” एकात जगभरातल्या समुद्रांचे नकाशे भरलेले होते. ते म्हणाले, “त्यात पाली हाय का?” नव्हती. तेही गेलं. मी गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचत होतो. कुणी लिहिलं होतं की तीन महिन्यांत पडदा काळा पडला. आप्पा एकदम उठून उभे राहिले. “त्याला इचारा, सर. घरी पोचला का त्यो?”

शेवटी मुंबईच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “तलावात जीपीएस कशाला हवं, काका? समुद्रात ठीक आहे. तलावात माणूस हरवतो का?”

आप्पा म्हणाले, “साहेब, हरवायला किती पानी लागतं?”

दुकानदारानं धरणाचं नाव विचारलं. मग त्यानं नीट चौकशी केली आणि चार बोटांच्या पडद्याचं, नकाशे नसलेलं, पण ठिपका आणि खुणा दाखवणारं एक साधं यंत्र सुचवलं. त्याला लहान बॅटरी चालत होती. दोन शेळ्यांत बसत होतं. पाटोद्याच्या बाजारात आप्पांनी दोन शेळ्या विकल्या आणि घेणाऱ्याला तीनदा बजावलं की त्यातली तांबडी गडगडाटाला भिते.

यंत्र आलं. आता ते द्यायचं कसं? आप्पांच्या नावानं तात्या घेणार नाहीत. मग ठरलं की ते माझं आहे असं मी सांगायचं. मी कुडापलीकडे गेलो आणि म्हणालो, “तात्या, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक यंत्र आणलंय. तुमच्या होडीवर काही दिवस तपासून बघायचंय.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुडाकडे पाहिलं. कुडाच्या फटीतून आप्पांचा पांढरा सदरा दिसत होता. “सर,” ते म्हणाले, “तुमी इंग्रजीचे ना?”

पण घेतलं. मी होडीवर ते बसवून दिलं, बटणं समजावली. तात्या मन लावून ऐकत होते. खूण कशी ठेवायची ते सांगितल्यावर बांधाकडे हात करून म्हणाले, “त्या दगडाची खूण ठिवा ह्यात. धुक्यात उतरायला बरं.” मी आप्पांच्या दगडावर खूण ठेवली. पडद्यावर लहानसा झेंडा उमटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही बांधावर गेलो. चांगलंच धुकं होतं. आप्पा दगडावर बसले होते, अंगावर घोंगडी, हातात स्वतःचा फोन. गेल्या कित्येक दिवसांत मी त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं. फोनच्या काचेवर पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते.

“सर, तात्या दिसंना.”

“धुकं आहे, आप्पा.”

“भाईर न्हाई. ह्यात. फोनात. ठिपका कुठं येतो?”

दोन महिने. प्रत्येक यंत्राचं प्रत्येक पान मी वाचलं होतं, पडद्याच्या बोटांपासून वायरीच्या लांबीपर्यंत. आणि हा माणूस कशासाठी यंत्र घेतोय हे पक्कं माहीत असताना, ठिपका कुणाला दिसणार हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. “आप्पा,” मी म्हणालो, “तो ठिपका होडीतल्या पडद्यावरच दिसतो. होडीत बसलेल्या माणसाला. इथं नाही दिसत.”

आप्पांनी फोन उलटा करून पाहिला.

“म्हंजी त्यालाच दिसतं, त्यो सोता कुठं हाय ते?”

“हो.”

“त्याला ठावंच हाय की त्यो कुठं हाय,” आप्पा म्हणाले. “ठावं न्हाई ते मला.”

मला त्यांच्याकडे बघवेना. फोन त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि पुन्हा धुक्याकडे तोंड करून बसले. होडी काठाला लागली तेव्हा नेहमीसारखे आधी उठून निघून गेले.

पुढचे आठ दिवस आप्पा ‘समजा’ म्हणाले नाहीत. गावाला आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटायला लागलं. त्यात तात्यांना मासेही कमी मिळू लागले. टोपलीचा तळ झाकत नव्हता. पारावर लोक म्हणायला लागले, “सरांचं यंत्र माशांनाच दाखवतंय, किसन कुठं हाय.” मी दुकानदाराला फोन केला, परत घेता का विचारलं. तो म्हणाला, “पाण्याला लागलेलं यंत्र परत घेत नाही.” पाण्यात चालायचं यंत्र पाण्याला न लावता कसं तपासायचं, हे मी त्याला विचारलं आणि आमचं थोडं वाजलं. आप्पांनी सगळं ऐकलं आणि थकल्या आवाजात म्हणाले, “काढून आना, सर. कुनाला लागत आसंल त्याला देऊन टाका. माझीच चुकी.”

चूक माझी होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या नावावर घेतल्यानं मला जास्तच लागलं.

दुपारी मी तात्यांकडून यंत्र मागून घेतलं. त्यांनी मुकाट्यानं काढून दिलं. दुसऱ्याला द्यायचं तर आतलं पुसून द्यावं म्हणून खोलीत बॅटरी जोडून सुरू केलं. धरणाचा नकाशा त्यात नव्हताच, त्यामुळे पडदा नुसता पांढरा होता. पण होडी जिथून जिथून गेली तिथं यंत्रानं बारीक रेघ ओढून ठेवली होती, नऊ सकाळींच्या नऊ रेघा. मासे धरणाच्या मध्यावर, खोल पाण्यात असतात, हे मलासुद्धा ठाऊक झालं होतं. तिकडे एकही रेघ गेलेली नव्हती. सगळ्या रेघा त्या लहानशा झेंड्याभोवती होत्या. खुंट्याला बांधलेलं शेरडू जसं दोरी पुरेल तेवढंच चरतं, तसे तात्या रोज आप्पांच्या दगडासमोर फिरत होते. जेमतेम पन्नास हातांवर. धुक्याआड.

मी यंत्र तसंच उचललं आणि शेरडांना पाला टाकत असलेल्या आप्पांना नेऊन दाखवलं. “हा झेंडा म्हणजे तुमचा दगड. आणि ह्या रेघा म्हणजे तात्या.”

“एवढ्या जवळ?”

“एवढ्याच. रोज.”

आप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि एका रेघेवरून हळूहळू फिरवत नेलं, ती संपेपर्यंत. मग दुसरीवरून. त्यांचे ओठ हलत होते. पाला तसाच हातात राहिला आणि शेरडं तो ओढायला लागली.

संध्याकाळी काकू दूध काढत होत्या. कुडापलीकडे तात्या अंगणात फतकल मारून फाटलेलं जाळं विणत होते. आप्पा कुडाच्या तोंडाशी आले. सवयीनं म्हशीकडे तोंड केलं, काही बोलणार तोच थांबले. मग मान वळवून सरळ पलीकडे पाहिलं.

“किसन.”

काकूंचा हात थांबला. दुधाची धार थांबली. तात्यांनी मान वर केली नाही, पण जाळ्यातली सुई जागच्या जागी राहिली.

“उद्यापून मधी जात जा,” आप्पा म्हणाले. नऊ वर्षांनी भावाशी बोलताना त्यांचा आवाज एखाद्या परक्या माणसासारखा येत होता. “मासं तिकडं हायेत. गोळ्या खा आन जा. माझी काळजी करू नगं. मी बसतो हितं.”

तात्यांनी सुईत दोरा ओवला. तो नीट ओवला गेला नाही, पुन्हा ओवला.

“मी मधी गेल्यावर तू दगडावर एकलाच बसशील की,” ते म्हणाले. “तुला धुक्याचं भ्या वाटतं, दादा. ल्हानपनापून वाटतं.”

आप्पा वाकून कुडातून पलीकडे गेले, भावाच्या समोर बसले आणि माशांच्या वासाच्या त्या जाळ्याचं दुसरं टोक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं.